बाबाजी वैद्याच्या आईचे डोळे

अमृतरावांना मी फसवलं. त्यांनी मला नाही. हे आधीच लिहून टाकतो, कारण पुढं माझी तक्रार येईल आणि तुम्ही कदाचित माझी बाजू घ्याल. हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही.

चेन्नईत अंबत्तूरला माझं जुन्या लाकूडसामानाचं दुकान आहे. फॅक्टरीतली नोकरी सोडून एकट्यानं उभं केलेलं. घासाघीस ही माझी एक विद्या, दुसरी मोडी. माझे वडील साताऱ्याकडे लोकांना जमिनीचे जुने कागद वाचून देत, त्यांच्याकडून शिकलो.

अमृतराव तंजावरकडचे मराठी, राहायला आमच्याच भागात. घरात मराठी बोलायचे, पण मोडीचं अक्षर लागायचं नाही. त्यांचे पूर्वज बाबाजी अठराव्या शतकात तंजावर दरबारात डोळ्यांचे शस्त्रवैद्य होते. त्सुनामीच्या आदल्या वर्षी घरातले कागद वाचायला त्यांनी मला बोलावलं. दर रविवारी जायचो. बाबाजी कुणाचा मुलगा, कुणाच्या हाताखाली शिकला, बायको कुठली केली, फौजेबरोबर कुठं गेला — एकेक कागद लागत गेला. खरं सांगू? गोडी लागली होती.

पण त्याच कपाटात बाबाजीची पेटी होती. सागवानी, आत पितळी मुठींच्या सुया. ती मला हवी होती. मी भाव विचारला.

ते हसले. "पेटी विकणें नाही हो. भंगारवाल्यास तर नाहीच नाही."

त्यांची मुलगी सुभद्रा कॉफी घेऊन आली. त्यांना पितळी पेल्यात, मला कागदी कपात. मी तापट माणूस — पण त्या दिवशी कॉफी संपवली. आमच्या धंद्यात घेणारा आधी माल पाडतो. वाळवी दाखवतो, चीर दाखवतो, मग भाव खाली येतो. त्या पेटीला वाळवी नव्हती. मग मी काय पाडावं?

पुढचा कागद इनामाचा होता. बाबाजीनं स्वतःच्या आईचा मोतीबिंदू उतरवला, तिला दिसू लागलं, म्हणून सरकारातून जमीन मिळाली. स्वच्छ लिहिलं होतं. मी ओळींखालून बोट फिरवत वाचून दाखवलं मात्र उलटंच — आईचे डोळे गेले, ती त्या दुःखातच वारली, दरबारानं बाबाजीला काढून टाकलं.

"सख्ख्या आईचे?" अमृतरावांनी विचारलं.

मी होकारार्थी मान हलवली.

पुढच्या रविवारी पेटी दारातच ठेवलेली होती. "न्या. घरांत नको." मी सांगितलेल्या भावात दिली.

मला माहीत नव्हतं, असं लिहू का? माहीत होतं. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, ऑपरेशनची तारीख ठरली होती. सुरीची भीती वाटते, पूर्वजाचं ऐकून धीर येईल, म्हणूनच तर ते कागद वाचून घेत होते. सुभद्रानं हे मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

त्यांनी ऑपरेशन करून घेतलं नाही. आमच्या वंशाला हत्यार लाभत नाही, म्हणाले. मोतीबिंदू पिकून गेला, डोळ्यांतला दाब वाढला, दोन्ही डोळे गेले. डॉक्टर म्हणाले, आता उपाय नाही.

भेटायला गेलो तेव्हा अमृतरावांची बहीण, सुभद्रेच्या आत्या, तिला म्हणत होत्या, "एकटा बाप, तोही तुला सांभाळवला नाही? हाताला धरून नेतां आलं नाही?" ती खाली बघत उभी होती. मी समोरच बसलो होतो — आणि बसूनच राहिलो.

आता तिनं मोडी शिकणारा एक विद्यार्थी शोधलाय. "काका, अप्पांना सगळे कागद परत ऐकायचेत. रविवारी तुम्हीही या," म्हणाली. तेव्हापासून दुकानातला फोन वाजला की मी माल बघायला मागं निघून जातो.

रविवारी जाणार आहे. आत्यांनी सुभद्रेला विचारलं ते चुकीच्या माणसाला विचारलं. तिनं कशाचंही उत्तर द्यायचं नाही. तिथं म्हणणार आहे, जाब मला विचारा — सगळ्यांदेखत, अमृतरावांना ऐकू जाईल असा.