सब्बलीची खूण

माझे बाबा विहिरी खोदायचे. तेव्हा सगळा मिळून एकच चांदा जिल्हा होता आणि आमचं गाव मूल गावाच्या पलीकडे, जंगलाला लागून. एका विहिरीत खडकाच्या भेगेतून त्यांना हिरवा दगड मिळाला. वरून उंबरांसारखे फुगवटे, फुटल्या बाजूला कापलेल्या कांद्यासारख्या गोल रेषा. त्यावर त्यांच्या सब्बलीचा, म्हणजे पहारीचा, एक ओरखडा उमटला होता. दगड आईच्या हातात देऊन ते म्हणाले, "ठेव. असा रंग म्या कुठीच नाई पाह्यला."

त्याच पावसाळ्यात ते तापाने गेले. त्यांचा फोटो नव्हता. आमच्या गावात कुणाचाच नसायचा. आईने तो दगड देवांजवळ ठेवला. रोज दिवा लावला की ती त्या ओरखड्यात बोट ठेवून घटकाभर बसायची. मला ते बघवत नसे, आणि बघितल्याशिवाय राहवतही नसे.

उन्हाळ्यात खडक तपासणारे एक साहेब पाणी प्यायला थांबले. दगड दिसताच ते पाणी विसरले.

"बाई, हा मॅलाकाइट. इतका सुरेख तुकडा सहसा मिळत नाही," ते म्हणाले. जमिनीखाली तांबं असतं. पावसाचं पाणी भेगांतून झिरपतं, तांबं विरघळवून नेतं आणि पोकळीत थेंबाथेंबाने थर चढवत जातं. अशाने हजारो वर्षांनी हा दगड होतो, असं त्यांनी समजावलं. मग हळूच विचारलं, "संग्रहालयासाठी द्याल?"

"नाई साहेब. माह्या घरधन्याचा हात हाये त्याच्यावर."

भला माणूस होता, पुन्हा विचारलं नाही. पण आईच्या मनात त्याचा एकच शब्द राहिला: तांबं.

अक्षय्य तृतीयेला आमच्याकडे गेलेल्या माणसाच्या नावाने घागर भरतात. बाबांची ती पहिलीच घागर. सकाळपासून आई अंगणात तांब्याची भांडी चिंचेने घासत होती. सगळी लखलखल्यावर तिने दगड घेतला, त्यालाही चिंच चोपडली. बारीक फेस आला.

"पाय वं, कसा मळ निघून राह्यला!" ती खुशीत म्हणाली. वर राख घेऊन तिने जोर लावून घासलं. तिला कुणी अडाणी म्हटलं तर मी आजही भांडेन. तांबं चिंचेनेच उजळतं, हे आमच्याकडे सगळ्यांनाच माहीत होतं. तांब्याचा दगड मात्र चिंचेने विरघळतो, हे तिला कुणी सांगितलं होतं?

धुतल्यावर दगड फिका निघाला, खडूसारखा. चकाकी गेली त्याचं तिला काही नव्हतं. ती तो फिरवून फिरवून बघत होती, सगळीकडे बोट लावत होती. 

"सब्बलीची खूण कुठी गेली? मले नाई सापडून राह्यली. तुले दिसते का वं?"

मी दगड उन्हाकडे धरला. कुठेच काही नव्हतं. 

"हाये नं आई, इथी," मी म्हटलं आणि तिचं बोट धरून गुळगुळीत जागेवर टेकवलं.

तिने त्या जागेवरून एकदा बोट फिरवलं आणि माझ्याकडे बघितलं. मग तिने घागर भरली. त्यानंतर ती गेली त्या दिवसापर्यंत, दिवा लावला की ती बोट तिथेच ठेवायची.