साडूपेक्षा मोठा कंप्युटर

"बंद करा ते! आदी बंद करा!" भजनी मंडळाचे बुवा माझ्या माजघरात कानावरचा हेडफोन उपटून ओरडत होते. "मी अभंग म्हणून राह्यलो, अन् मागं भैंशा गावची कापसाची जिनिंग काऊन चालू आहे?"

जिनिंग नव्हती. माझा नवा कंप्युटर होता.

मंडळाच्या भजनांचं रेकॉर्डिंग माझ्याच घरी व्हावं म्हणून मी बुवांना इतका चहा पाजला होता की त्यात म्हैस पोहली असती. कारण एकच, माझा साडू. आमच्या बोथ गावातच, दोन गल्ल्या पलीकडं त्याचं कापडाचं दुकान. त्यानं घरी एक आरती रेकॉर्ड केली आणि ती गावभर मोबाईलवर फिरली. कोंबडे आरवायच्या आधी तीच वाजायची. आमच्या सासूबाई ती लावल्याशिवाय औषधाची गोळी गिळेनात. मी किराण्यात बसून डाळ तोलायचो, समोरचं गिऱ्हाईक तीच गुणगुणायचं, आणि माझ्या पोटात लाल मिरची दळली जायची. माझा गळा त्याच्यापेक्षा गोड आहे हे मी सांगायला नको; पण दुसरं कुणी सांगतही नव्हतं.

त्याचा कंप्युटर पाहून आलो. केवढा? जेवणाच्या डब्याएवढा! आत एक पंखासुद्धा नाही. मला त्याची कीव आली. म्हणजे यायला हवी होती.

आदिलाबादच्या दुकानदाराला म्हटलं, "गाना रेकॉर्ड करना है." त्यानंही तसलाच डबा पुढं केला. "ये लो सेठ, चुपचाप चलता है."

"ये तो मेरे साडू के पास है. इससे बडा दिखाओ."

त्यानं परोपरीनं समजावलं, गाण्याला आकार लागत नाही, मेमरी जास्त घ्या, माईक चांगला घ्या. मी ऐकतो होय! आम्ही कापसाच्या मुलखातली माणसं. गाठोडं उचललं की कंबरेत कळ आली पाहिजे, तरच तो माल. दुकानातला एकेक कंप्युटर उचलून पाहिला आणि ज्याला उचलताना कण्हलो तोच घेतला. एका बाजूला काच, आत लाल-हिरवे दिवे आणि पंखे सहा. आमच्या उन्हाळ्यात माणसाला एक पंखा पुरत नाही, तिथं मशीनला सहा म्हणजे चैनच की! टेंपो मुद्दाम साडूच्या दुकानासमोरून आणला. हॉर्नही वाजवायला लावला.

आणि आता बुवा त्या मशीनकडं पिसाळलेल्या कुत्र्याकडं पाहावं तसे पाहत होते. मी त्यावर गोधडी टाकली. आवाज दबला, पण आत असं तापलं की वर पापड भाजावा. मग सहाही पंखे जिवाच्या आकांतानं बोंबलू लागले.

"बुवा, तुमीच जरा मोठ्यानं गा नं," मी सुचवलं.

"देवासाठी गाऊ का याच्यासंगं भांडू? ऊठ रे, पेटी उचल. यांच्या साडूकडं जाऊ."

पेटीवाला उठला. त्याच्या मागं सगळं मंडळ उठलं. आता ती भजनंही साडूच्या नावानं गावभर वाजणार!

मी दारात हात पसरून आडवा उभा राहिलो. "अहो बुवा, त्याची खोली म्हणजे काडेपेटी! पेटी मांडली तर तबल्याला जागा नाही. तुमी एवढी माणसं बसाल कुठं?"

बुवांनी माझ्या बगलेखालून वाट काढली आणि चपला पायात सरकवल्या.

"उभ्यानं गाऊ," ते म्हणाले.