गणवेश शिवणाऱ्या काकू

काकूंचं मशीन असं पळायचं की कारखान्यातल्या बाया म्हणायच्या, "काकू, त्याला तरी जरा दम खाऊ द्या!" पोलिसांचे गणवेश शिवायचा तो सरकारी कारखाना. नवरा गेल्यावर काकूंनी तिथेच राबून लेकीला नर्स केलं. राज्य कसं चाललंय हे कळत होतं, पण पोटापायी तोंडाला कुलूप.

पाव महागला, लोक गप्प बसले. वर्तमानपत्रं बंद पडली, तरी गप्प. मग कारखान्यातल्या फिटरला पोलिसांनी उचललं आणि प्रेत त्याच्या आईच्या हवाली करताना बजावलं, "जिन्यावरून पडला म्हणायचं." म्हातारी भर चौकात फतकल मारून बसली. "माझ्या लेकाला मारलंय यांनी!" एवढंच ओरडत राहिली. आधी तिच्याभोवती तिची गल्ली बसली, मग बघता बघता सगळं शहर.

पोलिसांनी चौकात लाठ्या चालवल्या. जखमींना पट्ट्या बांधायला लेक निघाली, तेव्हा काकू दारात आडव्या उभ्या राहिल्या.

"जगाची उठाठेव तुला कशाला गं?"

"आई, त्या म्हातारीच्या जागी तू असतीस तर?"

काकू बाजूला झाल्या.

चौकात गोळीबार झाला. लेक एका जखमीवर ओणवी होती, गोळी पाठीत शिरली. शवागारात काकूंनी आधी तिच्या केसांतली माती काढली. रडू नंतर आलं.

तरीही लोक चौकातून हटले नाहीत. शेवटी हुकूमशहा विमानात बसून पळाला. शहर रस्त्यावर येऊन नाचलं. शेजारीण गळ्यात पडून म्हणाली, "तुमच्या पोरीमुळे मोकळा श्वास घेतोय आम्ही." काकूंना ते पटलं, आणि पटलं याचाच राग आला.

पुढे सरकारने मेलेल्यांच्या आयांचा सत्कार ठेवला. पदकं द्यायला नवे गृहमंत्री. काकूंनी त्यांना पाहताक्षणी ओळखलं. चौकात गोळीबाराचा हुकूम दिला, ज्याचा फोटो मग शहरभर फिरला, तो हाच पोलीस अधिकारी. वारं फिरलं तसा हाही फिरला होता.

"ताई, तुमच्या मुलीला देश विसरणार नाही," ते म्हणाले.

"गोळ्या घाला, असं कोण म्हणालं होतं, साहेब?"

माईक चालू होता. तो लगेच बंद झाला. काकू पदक न घेताच खाली उतरल्या. फिटरची आई तेवढी उठून त्यांच्यामागे आली. बाकीच्या माना खाली घालून बसल्या.

लवकरच कारखान्याने काकूंना घरी बसवलं. आता त्या शेजाऱ्यापाजाऱ्यांचे कपडे उसवून-शिवून देतात. एकदा लेकीची मैत्रीण, तीही नर्सच, भेटायला आली.

"काकू, काहीच बदललं नाही का हो?"

"बदललं की. आधी असं बोलले असते तर जिवंत घरी आले नसते." काकूंनी हातातली कात्री खाली ठेवली. "पण एवढ्यासाठी माझी पोर गेली गं?"

मैत्रिणीने ती कात्री उचलली. दिवेलागण होईपर्यंत ती त्यांच्याजवळ बसून कपडे उसवत राहिली.