नापास केलेला मदरबोर्ड

एका धडधाकट मदरबोर्डला मी भर दुकानात नापास केलं आणि त्यापायी एका रिटायर ड्रायव्हरच्या हातचं स्टेअरिंग घालवलं. आज हे नातवंडांना सांगते तेव्हा ती पोट धरून हसतात. मीही हसते. तेव्हाची मी मात्र हसणाऱ्यातली नव्हते. वय पंचावन्न, लोहाऱ्यात कॉम्प्युटर रिपेअरिंगचं दुकान, आणि आपल्याला सगळं कळतं असा चेहरा.

दिगूभाऊ सास्तूरचे. उभी हयात एसटी चालवली. रिटायर झाल्यावर मुलानं घरच्या कॉम्प्युटरवर बस चालवायचा गेम टाकून दिला. पण कॉम्प्युटर म्हातारा.

"ताई, ब्रेक दाबला की गाडी पार पुढच्या गावात जाऊन थांबतीया. ह्याला ड्रायव्हिंग म्हनायचं का?"

"मदरबोर्ड बदलावा लागेल, भाऊ."

"म्हंजी इंजिन?"

"इंजिन म्हणजे प्रोसेसर. मदरबोर्ड म्हणजे चासी, गाडीचा सांगाडा. इंजिन, रॅम, सगळं तिच्यावर बसतं. चासीनं गाडी पळत नाही, पण पुढं कुठलं इंजिन बसेल ते चासीच ठरवते. तुमच्या जुन्या चासीवर नवं इंजिन बसत नाही."

"मग आसं बोला की!"

त्यांना गेमबरोबर खरंखुरं स्टेअरिंग हवं होतं, टेबलाला लावायचं, पायात ब्रेक असलेलं. स्वस्त बोर्ड घेतला तर ते पैशात बसत होतं. भारी घेतला तर नाही. पेन्शनीत एवढंच.

"दोन्ही बोर्डांवर गेम चालवून दाखवते. मग ठरवा," मी म्हणाले. खरं तर प्रोसेसर तोच, रॅम तीच असेल तर बोर्ड बदलून गेममध्ये फारसा फरक पडत नाही. मला ते माहीत होतं. पण चार गिऱ्हाइकं उभी होती आणि मला भाव खायचा होता.

त्या दिवशी होती खंडेनवमी. सकाळी पाटावर हत्यारं मांडली होती. स्क्रू ड्रायव्हर, मीटर, सोल्डरिंगची गन. स्वस्त बोर्ड आदल्या दिवशीच आला होता, तोही पिशवीतून काढून मांडला. हळदीकुंकू वाहताना हात सढळ ठेवला. नवी वस्तू, देवीला कमी कशाला? भारी बोर्ड दुपारी सोलापूरच्या पार्सलनं आला, त्याची पूजा हुकली.

स्वस्त बोर्डावर गेम लावला. बस धक्के खात निघाली. पडद्याच्या कोपऱ्यात फ्रेम्सचा आकडा असतो, म्हणजे सेकंदाला किती चित्रं दिसतात तो. तो विसाच्या वर जाईना. मग तोच प्रोसेसर, त्याच दोन रॅम भारी बोर्डावर लावल्या. आकडा चाळिसाला टेकला.

इतका फरक पडूच शकत नाही, हे तिथंच खटकायला हवं होतं. मी उलट भाषण ठोकलं. "बघा, प्रोसेसरला करंट देणाऱ्या भागावर इथं थंड ठेवायच्या पट्ट्या आहेत. त्या स्वस्तात नाहीत. तापला, ढिला पडला!" झेरॉक्सला आलेल्या दोघांनी माना डोलावल्या. नुसतं बोट लावून पाहिलं असतं तरी कळलं असतं. तो बोर्ड थंडगार होता.

दिगूभाऊंनी काउंटरवरच्या स्टेअरिंगच्या खोक्याकडं बघितलं.

"मग स्टेरिंग ऱ्हाऊ द्या."

दिवाळी झाली. नापास बोर्ड टायपिंगच्या एका कॉम्प्युटरला लावायला घेतला. आठ-आठ जीबीच्या दोन रॅम बसवल्या आणि स्क्रीन म्हणते आठच. दुसरी रॅम उपसून काढली. खाचेत बसणारे तिचे सोनेरी दात गुलाबी झालेले! आमच्याकडं रॅमचे दात खोडरबरनं घासतात. घासलं, तर खोडरबर लालभडक. बॅटरी मारून खाचेत बघितलं. आत माझी भक्ती ठासून भरलेली.

म्हणजे परीक्षेच्या दिवशी तो बोर्ड एकाच रॅमवर पळत होता. चित्रं काढणारं वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलं की गेम रॅमच्या जिवावर चालतो. दोन रॅम म्हणजे दुहेरी रस्ता, एक म्हणजे एकेरी. मी त्याचा अर्धा रस्ता बुजवला होता आणि वर तोच हळू चालतो म्हणून शिक्का मारला होता. ब्रश आणि स्प्रे मारून खाच साफ केली, गेम लावला. आकडा चाळीस.

गप्प बसले असते तर कुणाला कळणार होतं? दिगूभाऊंची बस तर व्यवस्थित चालली होती. दुसऱ्या दिवशी बोर्ड आणि स्टेअरिंगचं खोकं मांडीवर घेऊन सास्तूरच्या जीपमध्ये बसले.

भाऊ कीबोर्डचे बाण दाबत बस चालवत होते. डावा हात मधेच गुडघ्याशेजारी जाऊन गिअर चाचपडत होता. भाऊंच्या बायको सुमनवहिनी म्हणाल्या, "परवा माझी परात धरून बसले हुते. वळवीत हुते बगा, गरागरा!"

मी सगळं सांगितलं. पूजेपासून खोडरबरापर्यंत.

"म्हंजी ती चासी चांगली हुती?"

"चांगली होती."

"मग नापास कोन झालं?"

"मी, भाऊ."

वहिनी तोंडाला पदर लावून हसल्या. मी भारी बोर्ड काढून घेतला आणि स्वस्त बसवला.

"फुडं मोठं इंजिन बसंल का हिच्यावर?"

"बसेल. भारीवर जे बसतं ते हिच्यावरही बसतं. रॅमच्या खाचा चाराऐवजी दोन आहेत, तुमच्या गाडीला दोन पुष्कळ."

तेव्हापासून दुकानात दोन नियम आहेत. बोर्डाला नावं ठेवण्याआधी स्क्रीनवर रॅमचा आकडा वाचायचा. आणि पूजा खोक्याची करायची, आतल्या मालाची नाही.

फरकाच्या पैशातलं स्टेअरिंग टेबलाच्या कडेला घट्ट आवळून दिलं. भाऊंनी आधी हॉर्न वाजवून बघितला. मग दोन्ही हात चाकावर ठेवून बस स्टँडातून सावकाश बाहेर काढली, आणि माझ्याकडं न बघताच म्हणाले,

"ताई, खंडेनवमीला डेपोत आमी बी गाडीला हार घालायचो. पर फुडची काच सोडून."