मुधोळला मारलेली हाक

मयूर विहारच्या त्या सोसायटीत सूर्यवंशींच्या कुत्र्याचं नाव धड घेणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच होती. कुत्रा मुधोळ जातीचा आणि नावही मुधोळच. हवालदार नरसिंह सूर्यवंशींची बावीस वर्षं सैन्यात कुत्री शिकवण्यात गेली. निवृत्त झाल्यावर त्यांनी जतहून हे पिल्लू आणलं. मुलगी अक्षता म्हणाली, ब्रूनो ठेवूया. त्यांनी साफ सांगितलं, ज्याच्या जातीलाच एवढं झकास नाव आहे, त्याला उसनं नाव कशाला?

पण दिल्लीला ते नाव काही पेललं नाही. शेजारचे गुप्ताजी मुधोल म्हणायचे. वरच्या मजल्यावरच्या बोसबाई ओठांचा चंबू करून मूधोल म्हणायच्या. इंग्रजी शाळेतली पोरं जातीचं स्पेलिंग फोनवर वाचून मडहोल म्हणायची. उलट गेटवरचा हरियाणातल्या झज्जरचा गार्ड आणि तळमजल्यावरची केरळची नर्स, दोघांच्याही बोलीत ळ असल्यामुळे पहिल्या दिवसापासून खणखणीत मुधोळ. नरसिंह त्यांच्यावर खूश होते. आणि हवालदाराची स्वतःची लेक? ती जन्मापासून दिल्लीतली, तिच्या तोंडी मुधोलच. कौशल्या, म्हणजे नरसिंहांची बायको, याने फार चिडायची. लेकीला केळं म्हणता येऊ नये म्हणजे काय! पण अक्षता हसून सोडून द्यायची, "क्या फरक पड़ता है, आई?"

कुत्र्याला तरी काय फरक पडत होता म्हणा! गार्डने अगदी शुद्ध हाक मारली तरी तो एक कान तेवढा उभा करायचा. उठून यायचा तो फक्त नरसिंहांच्या हाकेला. संध्याकाळी पाचला दुधात कुस्करलेली भाकरी पुढ्यात ठेवली, तरी त्यांनी हाक मारल्याशिवाय तोंड लावायचा नाही. त्यांनी त्याला शिकवलंच होतं तसं.

त्यांच्या युनिटात हँडलरांची एक रीत होती, ती त्यांनी कौशल्येला कितीदा तरी सांगितली होती. एकाची बदली झाली की कुत्रा दुसऱ्याच्या हाती द्यायचा, पण नुसती साखळी देऊन भागत नाही, आवाज सोपवावा लागतो. तीन संध्याकाळी जुना आणि नवा हँडलर शेजारी उभे राहून एका दमात हाक मारतात. तिसऱ्या दिवशी जुना पाठ फिरवतो आणि चालू लागतो. त्याने मागे वळून बघायचं नाही. बघितलं तर कुत्रा जन्मभर त्याचीच वाट बघतो, नव्याचा होत नाही. अशी चार कुत्री नरसिंहांनी सोपवली होती.

आणि नेमकं त्यांच्याच हातून चुकलं. छातीत दुखायला लागलं म्हणून त्यांना हॉस्पिटलला नेत होते. लिफ्टचं दार बंद होताना ते वळले, दारात उभ्या मुधोळकडे त्यांनी पाहिलं आणि म्हणाले, "आलोच रे." दोन दिवसांनी ते गेले.

त्या दिवसापासून मुधोळने अन्न सोडलं. पाणी तेवढं प्यायचा आणि लिफ्टकडे तोंड करून उंबऱ्याशी पडून राहायचा. मुळात सडपातळ जात ती, आठव्या दिवशी त्याची फासळी न् फासळी दिसायला लागली. डॉक्टर येऊन सुई टोचून गेले, म्हणाले, अजून दोन-तीन दिवस, फार तर. नवरा गेला, आता त्याच्यामागे त्याचा जीव की प्राण असलेला मुधोळही डोळ्यांदेखत जाणार, हे कौशल्येला सोसवेना.

त्या संध्याकाळी पाचला अक्षता वाडगा घेऊन उंबऱ्याशी बसली आणि रडवेल्या आवाजात म्हणाली, "मुधोल."

त्याच क्षणी आणखी एक हाक आली. अक्षताच्या हाकेबरोबरच, तिच्या खांद्यामागून, खालच्या पट्टीत. त्या हाकेत ळ होता.

अक्षताने गर्रकन मान वळवली. "आई, तू बोललीस?"

कौशल्या स्वयंपाकघराच्या दारात होती. तिने हाक मारली नव्हती. घरात तिसरं माणूस नव्हतं. मुधोळ मात्र आठ दिवसांत पहिल्यांदा उभा राहिला होता. तो अक्षताकडे बघत नव्हता. तिच्या डाव्या बाजूला, माणसाचा चेहरा असतो तेवढ्या उंचीवर बघत होता आणि शेपूट हळूहळू हलवत होता. त्याने दोन घास खाल्ले.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. दोन हाका, एक दम. अक्षताच्या डाव्या हातावर काटा आला, ती म्हणाली, इकडून एसी लावल्यासारखं गार लागतंय. कौशल्येला दाढीच्या साबणाचा वास आला, तोच, हवालदारांचा. मुधोळने अर्धा वाडगा संपवला. ती मनाशी म्हणाली, दोन संध्याकाळी झाल्या. आणि मग तिच्या लक्षात आलं की उद्या काय होणार आहे.

रात्रभर तिचा डोळ्याला डोळा लागला नाही. भीती वाटत होती का? वाटत होती, खोटं कशाला सांगा. पण त्याहून मोठा मोह होता. उद्या ते पाठ फिरवतील तेव्हा आपण नुसतं "अहो" म्हटलं तर? तीस वर्षांत त्या हाकेला ते वळले नाहीत असं एकदाही झालं नव्हतं. एकदा वळले की जाणार नाहीत. इथंच राहतील, रोज पाचला येतील, दिसले नाहीत तरी असतील. आणि कुत्रा वाट बघत बघत मरेल.

तिसऱ्या दिवशी सकाळी यमुनेवर दहावा झाला. पाचला अक्षता उंबऱ्याशी बसली. हाक मारली. दोन्ही आवाज इतके एकात एक मिसळले की वेगळे काढता येईनात. मुधोळ उठला आणि वाडग्याकडे न येता त्याने मान वळवली. त्याची नजर उंबरा ओलांडून, बाहेरच्या फरशीवरून, सावकाश लिफ्टपर्यंत गेली. कोणी बटण दाबलं नव्हतं. लिफ्ट वर आली, दार उघडलं, आत कोणी नव्हतं.

कौशल्या दारापर्यंत धावली. हाक अगदी ओठांवर आली होती. तिने पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि दोन्ही हातांनी दाबून धरला. डोळ्यांतून धारा लागल्या, पण आवाज निघू दिला नाही. दार मिटलं. लिफ्ट खाली गेली. ते वळले नाहीत.

मुधोळ थोडा वेळ तसाच उभा राहिला.

"मुधोल," अक्षता म्हणाली. या वेळी तिची एकटीचीच हाक होती, तशीच दिल्लीची, चुकीची.

तो वळला, तिच्यापाशी आला आणि त्याने वाडगा चाटूनपुसून साफ केला. कौशल्येने तोंडातला पदर काढला आणि लेकीला म्हणाली, "अजून एक भाकरी आहे, ती पण घाल त्याला."