पाण्याच्या आड

मे महिन्यातल्या त्या दुपारी अभयारण्यातल्या रस्त्यावर आम्हा पर्यटकांच्या जीप एकीला एक चिकटून उभ्या होत्या. एका बाजूला वनखात्याने बांधलेला सिमेंटचा पाणवठा, दुसऱ्या बाजूला सागाचं वाळलेलं रान. वाघ पाण्यावर येणार, असं गाईड म्हणाला होता.

आली ती सांबराची मादी, फासळ्या वर आलेली, मागे पाडस. रानाच्या कडेला ती थबकली. तिच्या आणि पाण्याच्या मधे आम्ही होतो. तिने पाऊल पुढे टाकलं की कॅमेरे खटाखट वाजायचे, आणि ती मागे सरायची.

"दादा, आपली गाडी जरा मागे घेतली तर?" मी गाईडला विचारलं.

"जागा सोडली की मागचा घुसतो, मॅडम. मग वाघ आला तर तुम्हीच ओरडाल."

ओरडलेच असते. शेजारी बसलेल्या काकूंनी बर्फाच्या डब्यातून ताक काढलं. "बिचारी, किती तहानलीय गं!" म्हणत पेला रिकामा केला. मीही प्यायले. छान गार होतं. दया बसल्या जागेवरून करता येते, म्हणून तर ती सगळ्यांना परवडते.

तासाभराने पाडस गुडघ्यांवर कोसळलं. मादी त्याला नाकाने ढोसत राहिली. ते उठलं नाही.

फाटक बंद व्हायची वेळ झाली. निघताना काकूंनी डब्यातल्या वितळलेल्या बर्फाचं पाणी रस्त्यावर ओतून दिलं.

फाटकावर कुणीतरी विचारलं, "काय दिसलं?"

"काहीच नाही," आम्ही सगळे एकदम म्हणालो.