अमेरिकेच्या स्थळाची पत्रिका

आमच्या वधू-वर मंडळात आता दोन लॅपटॉप आहेत. एक ओसरीवरचा आणि एक घरातला. तसे दोन्ही हैदराबादच्या हिमायतनगरात एकाच खोलीत, एकाच टेबलावर असतात. पण बाहेरून आलेली पत्रिका, फोटो, बायोडाटा, जे काय असेल ते आधी ओसरीवरच्यात उघडायचं, डोळ्यांनी वाचायचं आणि मग हातानं घरातल्यात टाइप करायचं. या दोघांची सोयरीक जुळवायची नाही, अशी मला भाचीची सक्त ताकीद आहे. त्यातही पाठवणाऱ्याला आधी फोन लावायचा आणि 'हौ, मीच पाठवली' असं त्याच्या तोंडून ऐकायचं. आता मी हे सगळं निमूटपणे करते. मला ओळखणाऱ्यांना 'निमूटपणे' हा शब्द वाचून हसू येईल, येऊ द्या.

आमची माणसं मूळची नांदेड-परभणीकडची शेतकरी. निजामाच्या काळात पोटापाण्यासाठी इकडे आली ती इथलीच झाली. मुलं शाळेत तेलुगू शिकली, गल्लीत दखनी उर्दू बोलली, आणि मराठी उरली ती आईच्या ओरडण्यापुरती. पण लग्न म्हटलं की सगळ्यांना आपली मराठी सून हवी. म्हणून माझं मंडळ चाललं. आधी सगळं कागदावर असायचं, लोखंडी कपाटात फायलींची चळत. मग मुलांना मोबाईलवर स्थळं बघायची हौस आली. 'कपाट घेऊन बसलात तर एक दिवस कपाटासकट भंगारात जाल' असं एका वरपित्यानं मला तोंडावर सांगितलं. राग आला, पण खोटं नव्हतं. मी एका ओळखीच्या माणसाकडून कॉम्प्युटरवर सगळं मांडून घेतलं. नाव, शिक्षण, गोत्र, रास, उंची, आणि शेवटी एक रकाना, 'शेरा'.

तो रकाना पाहून मी हरखलेच. इतकी वर्षं जे डोक्यात घेऊन फिरत होते ते तिथं ओतून मोकळी झाले. 'मुलगा शांत, पण आईपुढं तोंड उघडत नाही.' 'फोटो जुना आहे, आता टक्कल.' 'वडील पितात, सोयरीक जमली तरी वरातीत जपून.' हे फक्त मीच बघणार होते ना, मग काय!

आता ती पत्रिका. आमच्या धंद्यात आलेल्या स्थळाला ताटकळत ठेवायचं नाही, हा पहिला धडा. पत्रिका आली की हातातलं काम टाकून उघडायची, कारण तेच स्थळ दुसऱ्या तीन मंडळांकडेही गेलेलं असतं. त्या दिवशी ईमेल आला. मुलगा अमेरिकेत, इंजिनिअर, एकुलता, स्वतःचं घर, निर्व्यसनी, हुंडा नको, आणि मुलगी मात्र हैदराबादचीच मराठी हवी. सोबत पत्रिका जोडली होती. बाई बाई बाई! माझ्या डोळ्यांसमोर नारायणगुड्याच्या दोन मुली लगेच उभ्या राहिल्या. पत्रिका उघडली तर सगळं पुसट. वर लिहिलं होतं, पत्रिका नीट दिसत नसेल तर पिवळं बटन दाबा. दाबलं. काही दिसेना. पुन्हा दाबलं. 'एवढा अमेरिकेत शिकलेला, मेल्याला साधी पत्रिका धाडता येईना' असं म्हणत मी चहा टाकायला उठले.

दुसऱ्या दिवशी सकाळी एकही फाईल उघडेना. पडद्यावर इंग्रजीतून धमकी होती. तुमची सगळी माहिती आम्ही कुलूपबंद केली आहे आणि आमच्याकडे नेऊनही ठेवली आहे. पैसे द्या, नाहीतर सगळी जगजाहीर करू.

माझ्या बहिणीची मुलगी हायटेक सिटीतल्या एका कंपनीत याच चोऱ्या रोखायचं काम करते. तिला फोन केला, ती सुट्टी टाकून आली. तिनं आधी लॅपटॉपचं इंटरनेट तोडलं, मग तो ईमेल वाचला आणि माझ्याकडे बघत राहिली.

"मावशी, अमेरिकेतला एकुलता पोरगा, घर आहे, हुंडा नको, आणि तो तुझ्या दारात हात जोडून आला? तुला एवढ्यावरूनच कळायला पाहिजे होतं."

"आणि आलेलं प्रत्येक स्थळ खोटं धरून चालले तर लग्नं कशी जमवू?" मी फणकारले. "तुमच्या कंपनीत माणसावर संशय घ्यायचा पगार मिळतो. माझं पोट विश्वासावर चालतं."

"त्यांना ते माहीत आहे. म्हणूनच पत्रिका पाठवली. बँकेला दुसरं काहीतरी पाठवतात."

म्हणजे कुणीतरी बसून विचार केला होता की या बाईला काय पाठवलं तर तिला राहवणार नाही.

पैसे द्यायचे नाहीत, असं भाचीनं बजावलं. दिले तरी माहिती परत येईलच असं नाही, आणि पुढच्या वेळी तेच पुन्हा आपल्याच दारात येतात. आम्ही सायबर पोलिसांकडे तक्रार नोंदवली. कपाटातले कागद मी टाकले नव्हते, त्यामुळे माहिती पुन्हा भरता येणार होती. मंडळ बुडणार नव्हतं. मी सुटकेचा निःश्वास टाकला, तेवढ्यात भाची म्हणाली, "भरता येईल, पण जे गेलं ते गेलं. ते उद्या कुणाच्याही मोबाईलवर येऊ शकतं."

तेव्हा मला एक शेरा आठवला.

एका मुलीचं लग्न मी जमवलं होतं. गुणाची पोर, एका शाळेत शिकवायची, आणि हसायला लागली की समोरच्यालाही हसवायची. तिला लहानपणापासून फिट यायची. कित्येक वर्षांत आली नव्हती, पण गोळी चालू होती. तिची आई माझ्याजवळ रडून हे बोलली होती. मी तिला निक्षून सांगितलं होतं की मी कुणाला सांगणार नाही, पण तुम्ही सासरी सांगा. ती म्हणायची, साखरपुडा होऊ द्या, मग सांगते. साखरपुडा झाला तर म्हणाली, तारीख ठरू द्या. तारीखही ठरली. आणि माझ्या रकान्यात स्पष्ट लिहिलेलं होतं, 'फिट येत होती, गोळी चालू, सासरी अजून सांगितलेलं नाही.' ती ओळ सासरच्या कुणाच्या हाती पडली असती तर लग्न तर मोडलंच असतं, वर पोरीच्या कपाळी फसवणुकीचा शिक्का कायमचा बसला असता.

भाची म्हणाली, सगळ्यांना स्वतःहून फोन करून सांग. मी म्हटलं, म्हणजे नाव माझ्याच हातानं मातीत घालू? ती म्हणाली, "मावशी, चोरांकडून कळलं तर नाव जाईल. तुझ्याकडून कळलं तर शिव्या पडतील." यावरून आमचं चांगलंच वाजलं. ती माझ्या हातचं न जेवता गेली. मी बराच वेळ फुरंगटून बसले आणि मग फोन उचलला.

शिव्या पडल्या. एक जण म्हणाला, "माझ्या मुलीची फाईल आत्ताच्या आत्ता परत करा," आणि खरंच येऊन घेऊन गेला. पण सगळे तसे नव्हते. एका आईला एवढीच काळजी होती की चोरांकडे मुलीचा जुना फोटो गेला की नवा. बेगम बाजारात किराणामालाचं दुकान असलेले आमचे एक गृहस्थ तर म्हणाले, "ताई, नक्को टेन्शन घेऊ. चोरांकडं चांगलं स्थळ असलं तर आमच्या पोरासाठी बघा म्हणावं." डोळ्यांत पाणी होतं तरी मी हसले.

शाळेत शिकवणाऱ्या त्या मुलीच्या आईला मात्र फोनवर सांगायचा धीर होईना. घरी बोलावलं. ती ऐकत राहिली आणि एकदम माझा हात धरला.

"ताई, सासरच्यांना फोन करू नका. तुमच्या पाया पडते. वाटोळं होईल हो पोरीचं."

"त्यांच्या मुलाचीही माहिती गेली आहे. त्यांना कळवायलाच हवं. शेऱ्यातलं मी काही बोलणार नाही, तेवढाच शब्द देते."

तिच्या समोरच मुलाच्या आईला फोन लावला. त्या बाई बँकेतून निवृत्त झालेल्या, करड्या आवाजाच्या. मला त्यांची जरा धास्तीच वाटायची. माहिती चोरीला गेली आहे, असं एवढंच सांगितलं.

"सगळी? तुम्ही लिहून ठेवलेलीसुद्धा?"

"हो."

"येते मी," म्हणाल्या आणि फोन ठेवला.

त्या रिक्षानं येईपर्यंत आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं नाही. मुलीची आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती. तिला म्हटलं, मागच्या दारानं जा. ती उठलीसुद्धा, मग पुन्हा बसली. म्हणाली, "किती दिवस पळू?"

बाई आल्या, चप्पल काढली, खुर्चीत बसल्या. समोर विहीणबाई दिसताच त्यांच्या कपाळावर आठी पडली. मी मनातल्या मनात म्हटलं, संपलं.

"तुमच्या कॉम्प्युटरात माझ्या सुनेच्या आजाराचं काही लिहिलंय का?" त्यांनी सरळ मलाच विचारलं.

मी शब्द दिला होता. तोंड उघडलं नाही. माझं ते न उघडलेलं तोंडच त्यांना उत्तर वाटलं असावं.

"मग ते आधी पुसा. तिनं स्वतः मला सांगितलंय, साखरपुड्याच्या आधी. नामपल्लीच्या नुमाइशीत, प्रदर्शन बघत फिरताना मुलाला बांगड्यांच्या दुकानाशी उभं केलं आणि मला बाजूला घेऊन सांगितलं. मुलाला तर तिनं त्याही आधी सांगितलेलं. म्हणाली, आता नाही म्हणालात तरी मी समजेन."

मुलीची आई म्हणाली, "मला... मला नाही बोलली ती."

"तुम्ही घाबराल म्हणून. आणि मीच म्हटलं होतं, आईला एवढ्यात सांगू नको, त्यांना ओशाळल्यासारखं होईल." मग त्या जरा पुढे सरकल्या. आवाज तोच करडा. "एक विचारायचं राहूनच जात होतं. ती रात्रीची गोळी जेवायच्या आधी देता की नंतर? ती म्हणते कधीही चालते. मला ते काही पटत नाही."

मुलीच्या आईनं तोंडावर पदर घेतला आणि हमसून हमसून रडायला लागली. बाई गोंधळल्या. "अहो, रडता काय? आधी की नंतर, ते सांगा ना."

"नंतर," ती पदराआडून म्हणाली. "जेवण झाल्यावर लगेच."

"मला वाटलंच," बाई म्हणाल्या आणि माझ्याकडे वळून चहा मागितला.

माझा जीव असा भांड्यात पडला की साखर दोनदा घातली. कुणाला कळलं नाही, तिघींनी तसाच प्यायला. सगळ्या घरादाराला जे माहीत होतं, ते गुपित म्हणून फक्त दोन ठिकाणी उरलं होतं, एका आईच्या छातीत आणि माझ्या शेऱ्याच्या रकान्यात.

त्या चोरांनी पुढं काय केलं ते अजून कळलेलं नाही. भाची म्हणते, निर्धास्त राहू नको. राहत नाही. नवी यादी भरताना तिनं विचारलं, "शेऱ्याचा रकाना ठेवायचा का गं?" म्हटलं, काढून टाक. तिनं काढला. लग्नात मी पुढच्या रांगेत बसले होते. पंगत उठल्यावर नवरी पाटावरून उठतेय तोच करडा आवाज आला, "आधी गोळी घे, मग फोटोला जा." भर मांडवात, दोन्हीकडच्या पाहुण्यांसमोर. नवरीनं "हो आई" म्हटलं आणि पाण्याचा पेला मागितला. तो तिच्या आईनंच आणून दिला.